पाण्यात ग्लुकोज होते काय?

१३ फेब्रुवारी १९४३ रोजी लंडनहून दिल्लीला एक तार गेली. पाठवणारे होते ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल आणि ती मिळायची होती व्हाइसरॉय लिनलिथगो यांना. स्टालिनग्राडची लढाई संपून जेमतेम दहा-अकरा दिवस झाले होते. जगाच्या अर्ध्या भागात युद्ध पेटलेले होते. अशा वेळी पंतप्रधानांनी केलेली चौकशी साखरेबद्दल होती. उपास करताना गांधी पाण्यात ग्लुकोज घालून पितात असे आपण ऐकले आहे, याची खातरजमा करता येईल काय, असे त्यांनी विचारले होते.

गांधीजी तेव्हा पुण्याच्या आगाखान राजवाड्यात स्थानबद्ध होते. १० फेब्रुवारीपासून त्यांनी २१ दिवसांचा उपास सुरू केला होता. वय ७३. दोन दिवसांनी व्हाइसरॉयचे उत्तर गेले. तसे असूही शकेल, पण त्यांच्या सेवेत असणाऱ्यांना ते खरे वाटत नाही. आधीच्या एका उपासात ग्लुकोज पोटात जाऊ नये म्हणून ते विशेष जपत असत, असे मुंबई इलाख्याचे सर्जन जनरल सांगतात. असा त्या उत्तराचा आशय होता. चर्चिल यांचे समाधान काही झाले नाही. युद्धाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात त्यांनी पुढे हाच आरोप, या वेळी प्रश्नचिन्ह न ठेवता, छापला.

राजकारण बाजूला ठेवून आपण हा प्रश्न शास्त्राचा म्हणून घेऊ या. समजा पाण्यात ग्लुकोज असते, तर त्याने काय झाले असते? आणि नव्हते, तर एकवीस दिवस अन्न न घेतलेल्या माणसाच्या रक्तात साखर आली कुठून? हे प्रश्न वाटतात तितके जुने नाहीत. आमच्या नवी मुंबईतल्या, किंवा तुमच्या तालुक्याच्या गावच्या रुग्णालयात आज रात्री दाखल होणाऱ्या एखाद्या हडकुळ्या बाईच्या किंवा पुरुषाच्या जिवाशी त्यांचा थेट संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

वर्गात फळ्यावर करता येईल असा एक साधा हिशेब आधी करू. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. १०० मिलिलिटर रक्तात साधारण ८० मिलिग्रॅम साखर. म्हणजे साऱ्या रक्तात मिळून साखर किती? चार ग्रॅम! चहाचा एक चमचा. एकटा मेंदू तासाला सुमारे पाच ग्रॅम ग्लुकोज वापरतो. म्हणजे रक्तातली साखर नुसती खर्च होत गेली आणि कोणी भर घातली नाही, तर हा साठा मेंदूला तासभरही पुरायचा नाही. पण आपण तर रात्रभर आठ-दहा तास काही न खाता झोपतो आणि सकाळी शुद्धीवर उठतो. मग भर कोण घालते?

हे कोडे सोडवले क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने. नुसते मांस खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तातही साखर असते, हे त्याला १८४८ मध्ये दिसले. पुढे १८५५ मध्ये त्याने केलेला प्रयोग आजही शिकवण्यासारखा आहे. त्याने कुत्र्याचे यकृत काढून त्यातून पाण्याची धार सोडली. साखरेचा मागमूस राहीनासा होईपर्यंत ते धुतले आणि तसेच ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तो यकृतात पुन्हा भरपूर साखर! यकृत साखर नुसती साठवत नाही, ते ती तयार करून सोडते. ज्यातून ती सुटते तो पिठासारखा पदार्थ त्याने १८५७ मध्ये वेगळा काढला. तो म्हणजे ग्लायकोजेन.

यकृतातले हे ग्लायकोजेन धडधाकट माणसातही शंभर ग्रॅमच्या आसपासच असते. काहीच न खाल्ल्यास ते साधारण एका दिवसात संपते. त्यानंतर यकृत, आणि थोड्या प्रमाणात मूत्रपिंडेही, स्नायूंमधल्या प्रथिनांची मोडतोड होऊन आलेल्या अमिनो आम्लांपासून नवे ग्लुकोज बनवतात. हे म्हणजे घराचे वासे काढून चूल पेटवण्यासारखे झाले. मेंदूची सगळी गरज अशीच भागवायची ठरली असती, तर उपाशी माणूस दोन-तीन आठवड्यांत स्नायू गमावून बसला असता. पण माणसे त्याहून बरीच जास्त टिकतात. १९२९ मध्ये लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास ६३ व्या दिवशी गेले. १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलू ५८ दिवसांनी.

हे कसे होते, ते १९४३ मध्ये कोणालाच सांगता आले नसते. उत्तर मिळाले १९६७ मध्ये, बॉस्टनमध्ये. जॉर्ज केहिल यांच्या गटातील ऑलिव्हर ओवेन व सहकाऱ्यांनी पाच ते सहा आठवडे उपास करणाऱ्या तीन लठ्ठ रुग्णांच्या मेंदूकडे जाणाऱ्या आणि मेंदूकडून येणाऱ्या रक्ताची तुलना केली. मेंदूने ग्लुकोजचा वापर खूपच कमी केला होता. चरबीपासून यकृतात तयार होणाऱ्या कीटोन द्रव्यांवर त्याचे निम्म्याहून जास्त काम चालले होते. मेंदूला फक्त साखर चालते हा पाठ्यपुस्तकातला नियम त्या दिवशी दुरुस्त करावा लागला. लांबलेल्या उपासात रक्तातली साखर ६५-७० मिलिग्रॅमच्या आसपास उतरते आणि तिथेच स्थिर राहते. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेनिक यांच्या गटाने तर दोन महिने उपास केलेल्या स्वयंसेवकांना इन्सुलिन टोचून त्यांची साखर खाली आणली. काहींची ती ९ मिलिग्रॅमपर्यंत उतरली तरी माणसे शुद्धीवर होती, कारण मेंदू कीटोनवर चालत होता. (असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.)

आता पुण्याकडे परत येऊ. त्या उपासात गांधीजींवर सहा डॉक्टरांची देखरेख होती. सर्जन जनरल कँडी, तुरुंग खात्याचे भंडारी आणि लेफ्टनंट कर्नल शहा हे सरकारी. डॉ. बिधानचंद्र रॉय कलकत्त्याहून आलेले. डॉ. गिल्डर आणि डॉ. सुशीला नय्यर स्वतःच कैदी. पहिला आठवडा बरा गेला. मग मळमळ सुरू झाली आणि पाणी गिळवेना. २१-२२ फेब्रुवारीला प्रकृती अगदी खालावली. डॉक्टरांच्या पत्रकांत त्या सुमारास 'युरेमिया' हा शब्द येतो. म्हणजे मूत्रपिंडांतून बाहेर पडायची द्रव्ये रक्तात साठू लागली होती. पाणीच आत जात नव्हते, त्यामुळे हे ओघानेच आले. धोका होता तो पाण्याचा आणि मूत्रपिंडांचा. साखर उतरल्याची ती लक्षणे नव्हेत. पाणी घशाखाली उतरावे म्हणून त्यात मोसंबीचा रस घालायचे ठरले. हा उपास प्राणान्तिक नसून शक्तीनुसार आहे आणि पाणी पिता यावे म्हणून त्यात आंबट फळांचा रस घालण्याची मुभा आपण ठेवली आहे, हे गांधीजींनी उपासाच्या आधीच सरकारला कळवले होते. लपवण्यासारखे त्यात काही नव्हते.

तो रस किती पोषक? मोसंबीच्या रसात शेकडा आठ-दहा साखर असते असे धरा. १०० मिलिलिटर रस म्हणजे फार तर दहा ग्रॅम साखर, चाळीस कॅलरी. पडून राहिलेल्या माणसाच्या शरीरालाही दिवसाला हजाराच्या वर कॅलरी लागतात. तेव्हा रसाने उपास मोडला नाही. त्याने पाणी आत गेले, त्याबरोबर थोडे पोटॅशियम गेले, आणि माणूस वाचला.

तरीही चर्चिल यांची शंका शास्त्राच्या दृष्टीने अगदीच पोरकट नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्याच युद्धकाळात बुडालेल्या जहाजांवरील खलाशांनी तराफ्यावर काय खावे याचा अभ्यास अमेरिकेत जेम्स गॅम्बल करीत होते. त्यांना असे आढळले की उपाशी माणसाला दिवसाला १०० ग्रॅम ग्लुकोज दिले तर शरीरातील प्रथिनांचा नाश जवळपास निम्म्यावर येतो. म्हणजे रोज शंभर ग्रॅम ग्लुकोज कोणी चोरून घेतले असते तर मोठाच फरक पडला असता. पण शंभर ग्रॅम म्हणजे वीस चमचे. तीन सरकारी डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, ज्या माणसाला साधे पाणी ओकारीवाचून जात नव्हते, त्याला दिवसाकाठी वीस चमचे गोड पाणी! आम्हाला हे पटत नाही. ३ मार्चला उपास सुटला तोही पाणी घातलेल्या संत्र्याच्या रसाने, घोट घोट घेत. ही सावकाशी किती शहाणपणाची होती ते पुढे दिसेल.

मात्र या कथेतून एक गैरसमज होऊ शकतो. 'शरीर उपासाला जुळवून घेते, साखर सांभाळते, मग उपाशी माणसाची काय एवढी काळजी?' असे कोणी म्हणेल. असे म्हणणारे पूर्वी होऊन गेले आहेत, आणि त्यांच्या हातात धान्याची कोठारे होती.

शके १७९८ आणि १७९९, म्हणजे धातू आणि ईश्वर ही संवत्सरे. इसवी सन १८७६ ते १८७८. सोलापूर, विजापूर, नगर, सातारा, पुणे या भागांत पाऊस गेला. सरकारने दुष्काळी कामे काढली. रस्ते, तलाव, कालवे. खर्च हाताबाहेर जाऊ नये म्हणून केंद्र सरकारने रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाचे खास प्रतिनिधी म्हणून नेमले. जानेवारी १८७७ मध्ये त्यांनी ठरवले की कामावरच्या पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर अर्धा आणा पुरे. बायका-मुलांना त्याहून कमी. 'टेंपल वेतन' म्हणून ते इतिहासात गाजले, किंवा नाक कापून गेले म्हणा. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम धान्यात ३५० कॅलरी धरल्या तर सुमारे १६०० कॅलरी होतात. आपल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तक्त्यात जड काम करणाऱ्या पुरुषाला साडेतीन हजारांच्या आसपास कॅलरी लागतात असे दिले आहे. निम्म्याहून कमी अन्नात दिवसभर खडी फोडायची!

याला विरोध करणारे दोन आवाज उठले आणि दोन्ही आपल्या शाळांत माहीत असायला हवेत. एक मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. विल्यम कॉर्निश. एक पौंडावर माणूस काही दिवस तग धरेल, पण काम करत राहिला तर हळूहळू झिजून मरेल, असे त्यांनी आकडेवारीसह मांडले. दुसरा आवाज पुण्याच्या सार्वजनिक सभेचा. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने सभेच्या लोकांनी गावोगावची माहिती गोळा केली आणि सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. जानेवारी १८७७ मध्ये मुंबई इलाख्यात लाखाच्या घरात मजूर दुष्काळी कामे सोडून चालते झाले. उपाशी माणसांनी केलेला एवढा मोठा संप आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच भेटतो. मद्रासने त्याच वर्षी धान्याचे प्रमाण वाढवले.

टेंपल यांची चूक फक्त दयेच्या अभावाची होती असे आम्हाला वाटत नाही. ते शरीराकडे कोळशावर चालणाऱ्या यंत्रासारखे पाहत होते. कोळसा कमी घातला की यंत्र हळू चालेल, एवढेच. पण यंत्र स्वतःच्या चाकांचा कोळसा करत नाही. शरीर करते.

दख्खनमधून निघालेली माणसे घाट उतरून मुंबईला आली. शहरात तापाची साथ उसळली. ताप यायचा, उतरायचा, आठवड्याभराने पुन्हा यायचा. मुंबईच्या रुग्णालयांत या रुग्णांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा डॉक्टर होता हेन्री व्हँडाइक कार्टर. ग्रे यांच्या सुप्रसिद्ध शरीररचनेच्या ग्रंथातील चित्रे ज्याची, तोच हा कार्टर. १८७७ मध्ये त्याला या रक्तात मळसूत्रासारखे जंतू वळवळताना दिसले. जर्मनीत ओबरमायर यांनी हे जंतू आधी वर्णिले होते. कार्टरने माकडांना तो रोग देऊन दाखवला आणि १८८२ मध्ये या तापावर ग्रंथ लिहिला. (हा ताप अंगावरच्या उवांमुळे पसरतो, हे १९०७ मध्ये मॅकी यांनी दाखवले, तेही नाशिकच्या एका साथीत. महाराष्ट्रातल्या विज्ञानाच्या इतिहासात अशी ठिकाणे खूप आहेत, पाटी मात्र कुठे दिसत नाही.)

लोक याला दुष्काळी ताप म्हणत. पण रुग्णालयात पोचलेले कितीतरी जण तापाने मेले नाहीत. अन्न मिळू लागल्यावर मेले. मद्रासमध्ये डॉ. अलेक्झांडर पोर्टर यांनी दुष्काळी छावणीतील मृतांची शेकडो शवविच्छेदने केली, प्रत्येक इंद्रियाचे वजन घेतले. हृदय आक्रसलेले, यकृत लहान झालेले, आतड्याचे आवरण कागदासारखे पातळ. एका मर्यादेपलीकडे झिजलेल्या माणसाला नुसते अन्न देऊन परत आणता येत नाही, हे त्यांच्या व कॉर्निश यांच्या लिखाणातून पुन्हा पुन्हा येते. का येत नाही, याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते. रक्तातली साखर मोजण्याची सोयच नव्हती. फेहलिंगचे द्रावण १८४८ च्या सुमारास आले होते, पण ते लघवीतली भरपूर साखर ओळखण्यापुरते. थोड्याशा रक्तात साखर मोजता येऊ लागली ती १९१३ मध्ये इव्हार बांग यांच्या पद्धतीने आणि १९१९-२० मध्ये फोलिन व वू यांच्या पद्धतीने. आणि साखर कमी होणे हा स्वतंत्र धोका आहे, हे लक्षात आले इन्सुलिनमुळे. १९२२ मध्ये टोरंटोत इन्सुलिन जास्त टोचलेल्या सशांना आचके येत. ग्लुकोज टोचले की तेच ससे उठून बसत. ज्याचे माप नाही त्याचे नावही नसते, त्याचे हे उत्तम उदाहरण.

उपासमारीने खंगलेल्या प्रौढ माणसांची साखर पद्धतशीर मोजली गेली ती मात्र अशा ठिकाणी, की ते वाचताना हात थरथरतो. १९४२ मध्ये नाझींनी कोंडलेल्या वॉर्सातील ज्यू वस्तीत, स्वतः उपाशी असलेल्या ज्यू डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचा अभ्यास केला. प्रमुख होते इस्रायल मिलेकोव्स्की. चयापचयाचे काम ज्युलियन फ्लीडरबाउम यांचे. सुटका नाही हे दोघांनाही ठाऊक होते. त्या उन्हाळ्यात वस्तीतल्या लोकांना गाड्यांत भरून नेणे सुरू झाले आणि काम थांबले. हस्तलिखित वस्तीबाहेर प्राध्यापक ऑर्लोव्स्की यांच्याकडे पोचवले गेले. जगलेल्या थोड्यांपैकी एमिल अपफेलबाउम यांनी ते १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या रुग्णांत रक्तशर्करा कमी होती. म्हणजे बॉस्टनच्या लठ्ठ उपासकऱ्यांत जी साखर सांभाळली गेली, ती इथे सांभाळली गेली नाही.

फरक कुठे आहे? बॉस्टनच्या माणसांजवळ चरबीचे गाठोडे होते, शरीरात जीवनसत्त्वे होती, रोग नव्हता. दुष्काळातल्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते. ग्लायकोजेन आधीच संपलेले. स्नायू इतके झिजलेले की नवे ग्लुकोज बनवायला कच्चा माल नाही. चरबी संपल्यामुळे कीटोनचाही आधार तुटलेला. अशात एखादा जंतुसंसर्ग झाला की शरीर साखर भराभर वापरते. मग चार-सहा तासांचा खंडसुद्धा घातक ठरतो. अशी माणसे बहुधा रात्री जातात, कारण संध्याकाळच्या जेवणानंतर सकाळपर्यंत त्यांना कोणी काही देत नाही. धडधाकट माणसाची साखर उतरली तर दरदरून घाम येतो, हात कापतात, छाती धडधडते. खंगलेल्या माणसात हा गाजावाजा होत नाही. अंग गार पडते, गुंगी येते. 'शांत झोप लागली आहे' असे नातेवाईक म्हणतात.

म्हणून उपाय काय, तर भरपूर ग्लुकोज? इथे इतिहास दुसरा धडा देतो. १९४३ मध्येच बंगालच्या दुष्काळात कलकत्त्याच्या रुग्णालयांत रस्त्यावरून उचलून आणलेल्या निराधारांना शिरेतून प्रथिनांचा पचवलेला द्राव देऊन पाहिला गेला. साखर, दुधाची भुकटी आणि पीठ यांचे 'बंगाल दुष्काळ मिश्रण' तयार झाले. दोन वर्षांनी ते जर्मनीतल्या बेल्सेनच्या छळछावणीत नेले तर तिथल्या लोकांना ते इतके गोड लागले की घेववेना. तिथे गेलेल्या जॅनेट व्हॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की शिरेतले द्राव फारसे कामाचे नाहीत. थोडे थोडे दूध आणि साधे अन्न तोंडाने देणेच उत्तम. जपानी कैदेतून सुटलेले काही युद्धकैदी आहार सुरू झाल्यावर सूज व हृदयविकाराने आजारी पडले, काही दगावले. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवून नंतर खाऊ घालण्याचा जो प्रयोग झाला, त्यातही प्रकृती पूर्ववत व्हायला महिने लागले.

कारण आता कळले आहे. उपाशी शरीरात इन्सुलिन कमी असते. एकदम साखर मिळाली की इन्सुलिन उसळते. पेशी साखर ओढून घेतात आणि तिच्याबरोबर रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही. फॉस्फेट कोसळले की हृदय आणि श्वासाचे स्नायू ढेपाळतात. साखर जाळायला लागणारे ब-१ जीवनसत्त्व आधीच संपत आलेले असते, ते पार संपते आणि मेंदूला इजा होऊ शकते. शिवाय उसळलेल्या इन्सुलिनमुळे थोड्या वेळाने साखर पुन्हा खाली येते. म्हणजे ज्याला साखर हवी त्यालाच ती जपून द्यायची, अशी ही कसरत आहे. कॉर्निश आणि पोर्टर यांच्या पेशंटांचे काय झाले असेल, त्याचा निदान अंदाज आपल्याला आज करता येतो.

आता दुष्काळी छावण्या नाहीत. पण ही माणसे रुग्णालयांत आहेत, आणि होती. १९७४ मध्ये चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकन डॉक्टराने तिथल्या रुग्णालयांतले दाखल रुग्ण कुपोषित असतात आणि रुग्णालयात राहून जास्त कुपोषित होतात, असे लिहून खळबळ उडवली. तपासणीसाठी उपाशी ठेवायचे, तपासणी पुढे ढकलायची, पुन्हा उपाशी ठेवायचे. वजन कोणी घ्यायचे नाही. श्रीमंत देशाची ही कथा, तर आपली काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे एक पंचमांश स्त्रिया उंचीच्या मानाने कमी वजनाच्या निघाल्या. छत्तीसगडमधील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयात आलेल्या क्षयरुग्णांची वजने डॉ. अनुराग भार्गव व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केली. मध्यक वजन पुरुषांचे ४२ किलो, बायकांचे ३४ किलो. हे आकडे वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. आठवी-नववीच्या कितीतरी मुली याहून भारी असतात.

नवी मुंबई हे १९७० नंतर आखून वसवलेले शहर. वाशीला धान्याचा घाऊक बाजार आहे, आजूबाजूला मोठमोठी रुग्णालये आहेत. याच परिसरात दगडखाणींवरचे मजूर आहेत, नाक्यावर उभे राहणारे बिगारी आहेत, पनवेल-कर्जतच्या बाजूला कातकरी वाड्या आहेत. इथल्या प्रौढ रुग्णात साखर उतरण्याची कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. मुळात खाणे कमी. वर हिवताप, आणि त्यावर क्विनीन दिले असेल तर तेही इन्सुलिन वाढवून साखर उतरवते. हे थायलंडमध्ये १९८३ मध्ये स्पष्ट झाले. दारू पिऊन न जेवता झोपलेल्या माणसात यकृताचे ग्लुकोज बनवण्याचे कामच दारू अडवते. मधुमेहाची गोळी चालू, मूत्रपिंड अधू, आणि ताप आल्यामुळे जेवण बंद, पण गोळी चालूच, असा म्हातारा माणूस तर नेहमीचा. बेशुद्ध माणूस आणला की 'पिऊन पडलाय' म्हणून बाजूला सारण्याचा मोह होतो. साखर मोजायला अर्धा मिनिटही लागत नाही. १९६० च्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणारी पट्टी आली, १९७० च्या सुमारास ती वाचणारे यंत्र आले. आज ते घराघरात आहे. ज्या मापासाठी फोलिन आणि वू यांना परीक्षानळ्यांची रांग लावावी लागे, ते आता बोटाच्या टोकावर होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये तीव्र कुपोषणाच्या उपचाराची पुस्तिका काढली. मुख्यतः ती मुलांसाठी आहे, पण तिच्यात प्रौढांवरही प्रकरण आहे. उपचाराची पहिली पायरी अन्न नाही, औषध नाही. साखर उतरली आहे का ते पाहा आणि उतरू देऊ नका, ही आहे. १०० मिलिलिटरला ५४ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका. शुद्धीवर असेल तर तोंडाने थोडे साखरपाणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज द्यायचे. मग दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पातळ अन्न, सुरुवातीला मुद्दाम कमी कॅलरीचे, आणि हे रात्रीही. अंग उबदार ठेवायचे, कारण गार पडणे आणि साखर उतरणे हातात हात घालून येतात. भरपूर जेवण नंतर, भूक परत आल्यावर.

यात महागडे काही नाही. अडते ते रात्रीच्या खाण्यापाशी. रुग्णालयाचे जेवण संध्याकाळी सात-साडेसातला येते, पुढचा चहा सकाळी. मधले अकरा तास रिकामे. एका परिचारिकेकडे पन्नास खाटा असतील तर तिने दर दोन तासांनी वाटी-चमचा घेऊन कोणाकोणाकडे जायचे? प्रत्यक्षात हे काम खाटेखाली चटई टाकून झोपलेली आई, बायको किंवा भाऊ करतो, आणि त्याला कोणी सांगितलेले नसते. उलट 'झोपू द्या, उठवू नका' असेच त्याला वाटते. साडेअकराला, दीडला, साडेतीनला उठवून चार घोट पेज किंवा दूध पाजायचे आहे, आणि उठत नसेल तर ती झोप नव्हे, तेव्हा लगेच डॉक्टरांना बोलवायचे, एवढे त्याला कोणीतरी दाखल करतानाच सांगावे लागते.